‘पूर्वी’ म्हणजे नेमकं कधी? आपल्या ओळखीच्या जागेचा पर्यावरण-इतिहास कसा शोधायचा आणि कसा लिहायचा

गावाची स्मरणिका, शाळेचा अमृतमहोत्सवी अंक, जत्रेचा विशेषांक यांत हमखास एक लेख असतो. ‘पूर्वी आमच्या ओढ्याला बारमाही पाणी असायचं. पूर्वी डोंगरावर घनदाट झाडी होती. आता सगळं संपलं.’ लिहिणाऱ्याची कळकळ खरी असते, पण लेखातून काहीच हाती लागत नाही. ‘पूर्वी’ म्हणजे १९८५ की १८८५? बारमाही म्हणजे मे महिन्यात वाहतं पाणी, की फक्त डोहात साचलेलं? झाडी कोणती, आणि ती कोणाच्या कुऱ्हाडीनं गेली?

असे कितीतरी लेख मी वाचले आहेत आणि काही दुरुस्त करून दिले आहेत. चुका त्याच त्याच असतात, आणि बहुतेक सगळ्या लिहायला बसण्याच्या आधीच होऊन गेलेल्या असतात. म्हणून खाली तयारीला जास्त जागा दिली आहे. पायऱ्यांचा क्रम शक्यतो बदलू नका.

पायरी १ : जागा लहान करा, प्रश्न एकच ठेवा

‘आमच्या तालुक्याचं पर्यावरण’ हा विषय एका माणसाला पेलत नाही. एक ओढा घ्या. एक तळं, एक टेकडी, एक देवराई, एक गायरान किंवा फार तर एक गाव घ्या. पुण्यातल्या माणसानं ‘मुठा नदी’ घेऊ नये. आंबील ओढा घ्यावा, आणि त्यातलाही कात्रजच्या तलावापासून दांडेकर पुलापर्यंतचा तुकडा घ्यावा. तेवढ्यातच पेशवाईतलं जलव्यवस्थापन, विसाव्या शतकातल्या वसाहती आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीचा पूर हे सगळं येतं.

मग प्रश्न एका वाक्यात लिहा, आणि तो असा असावा की त्याचं उत्तर चुकीचं ठरू शकेल. ‘ओढ्याची दुर्दशा’ हा काही प्रश्न झाला नाही. ‘ओढा उन्हाळ्यात आटायला कधी लागला आणि कशामुळे?’ हा झाला.

हद्द ठरवताना एक गोष्ट लक्षात ठेवा. गावाची शीव वेगळी, पाण्याची वेगळी. कागद गावाच्या शिवेनुसार मिळतील, पण ओढ्याचं पाणी वरच्या गावातून येतं. वरच्या गावात पाझर तलाव झाला की खालचा ओढा बदलतो. म्हणून पाणलोटातली वरची एक-दोन गावं पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा.

आता एक जाड वही घ्या आणि प्रत्येक पानावर चार रकाने आखा : कधी, काय बदललं, कशावरून, खात्री किती. पुढं जे काही सापडेल ते या चार रकान्यांतच बसवायचं. ‘कधी’चा रकाना रिकामा राहिला तरी चालेल, पण त्यात ‘पूर्वी’ लिहायचं नाही.

*तपासा :* तुमचा प्रश्न शेजारच्या माणसाला वाचून दाखवा. तो ‘मला वाटतं, अमुक साली’ असं काही बोलू लागला तर प्रश्न जमला. ‘हो ना, फार वाईट झालं’ एवढंच म्हणाला तर पुन्हा लिहा.

पायरी २ : कागदाला हात लावण्याआधी दोनदा पायी फिरा

एकदा वैशाखात, एकदा श्रावणात. एकाच फेरीवर लेख लिहिणाऱ्याला अर्धाच ओढा दिसलेला असतो. वैशाखात तळ दिसतो, खडक उघडे पडतात, वाळू किती उरली आहे ते कळतं. श्रावणात पाणी कुठून येतं आणि कुठं अडतं ते कळतं. दोन्ही वेळा त्याच जागांवरून, त्याच दिशेनं फोटो काढा आणि तारीख लिहून ठेवा.

काय पाहायचं? पुलाच्या खांबांवरच्या पुराच्या खुणा. उघडी पडलेली झाडांची मुळं. जिथं आता पाणीच नाही अशा ठिकाणचा धुण्याचा दगड किंवा घाटाच्या पायऱ्या. आणि जुन्या विहिरी, त्या तर पाहाच.

आमच्या ओढ्याकाठी मोटेची एक पडकी विहीर आहे. थारोळं (मोटेचं पाणी पडायचं ते कुंड) फुटलंय आणि मोटवणाच्या (मोट ओढून घ्यायच्या जागेच्या) दगडावर नाड्यानं, म्हणजे दोरखंडानं, पडलेल्या खाचा बोट बुडेल इतक्या खोल आहेत. बैल ज्या उतारावरून मोट ओढत खाली जायचे ती धाव मात्र अजून स्पष्ट दिसते. ती पावलांनी मोजली. मोट जितक्या खोलातून वर आणायची, साधारण तितकंच बैलांना चालावं लागतं. म्हणजे विहीर वापरात होती तेव्हा पाणी जास्तीत जास्त किती खोल जायचं, ते धावेची लांबी आजही सांगते. लोक विहिरीचा आतला भाग पाहून परततात आणि धावेवरून नुसतेच चालत जातात. धाव मोजा, आजची पाण्याची पातळी मोजा आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. कोणी ‘पाच परस पाणी होतं’ म्हणालं तर त्याचा ‘परस’ किती फुटांचा, तेही विचारून घ्या.

झाडं पाहताना देशी कोणती आणि बाहेरची कोणती ते वेगळं लिहा. ग्लिरिसिडिया, सुबाभूळ, वेडी बाभूळ, निलगिरी ही झाडं मुळात बाहेरून आणलेली आहेत. ती दिसली की लागवड कधी झाली आणि कोणी केली, हा प्रश्न वहीत गेला पाहिजे. टेकडी हिरवी दिसते एवढ्यावरून ‘जंगल टिकून आहे’ असं लिहू नका.

*सावधान :* वडाच्या बुंध्याचा घेर पाहून ‘तीनशे वर्षांचं झाड’ लिहू नका. पाणी आणि माती चांगली असली की वड झपाट्यानं वाढतो. पारावरचा शिलालेख, जुना फोटो किंवा कागद असेल तरच वय लिहा.

पायरी ३ : नावं गोळा करा, पण त्यांच्यावर लगेच विश्वास ठेवू नका

शेतांची, डोहांची, पाणंदींची, माळांची नावं सरकारी नकाशावर नसतात, लोकांच्या तोंडी असतात. लांडगदरा, वाघजाई, मळई, लवण, पाणथळ, उंबराचा डोह, आमराई. गुराख्याबरोबर अर्धा दिवस फिरलात तर एका गावात पन्नास नावं सहज मिळतात. प्रत्येक नाव नकाशाच्या झेरॉक्सवर तिथल्या तिथं लिहा. घरी येऊन लिहायचं ठरवलं तर जागा चुकतेच.

शहरातही नावं बोलतात. पुण्यात बदामी हौद आणि फडके हौद हे आज फक्त चौक म्हणून लोकांच्या तोंडी आहेत. साततोटी म्हणजे सात तोट्या. ही सगळी कात्रजहून भूमिगत नळानं शहरात आणलेल्या पाण्याची आठवण आहे. ते काम नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास झालं. सारसबागेतल्या गणपतीला जुने पुणेकर ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात, कारण तिथं खरंच पर्वतीचं तळं होतं आणि देऊळ त्यातल्या बेटावर होतं.

पण नाव हा धागा आहे, पुरावा नव्हे. ‘पिंपळगाव’ नावावरून तिथं पिंपळाचं वन होतं असं ठरत नाही, एकच ठळक पिंपळ असेल. शिवाय नाव कधी पडलं ते नावात लिहिलेलं नसतं. वाघजाईचं देऊळ दुसऱ्या गावाहून आलेल्या भावकीनं देवीसकट आणलेलं असू शकतं. त्यामुळे नावाला ‘खात्री’च्या रकान्यात सुरुवातीला ‘कमी’ असंच लिहा.

पायरी ४ : म्हाताऱ्या माणसांकडे पहिली फेरी आत्ताच

बरेच जण आधी सगळे कागद जमवतात आणि मग मुलाखतींना निघतात. शिस्त म्हणून ते बरोबर, पण नव्वदीच्या आजी तुमच्या नकलेच्या अर्जासाठी थांबणार नाहीत. म्हणून पहिली, छोटी फेरी आत्ताच करा. सविस्तर दुसरी फेरी कागद वाचून झाल्यावर, नेमके प्रश्न घेऊन.

प्रश्न कसा विचारता यावर सगळं अवलंबून आहे. ‘आजी, पूर्वी किती छान होतं ना?’ असं विचारलंत तर आजी ‘हो बाळा’ म्हणतील आणि संपलं. त्याऐवजी कामाबद्दल विचारा. लग्न होऊन या गावात आलात तेव्हा पाण्याला कुठं जायचात? दिवसाला किती खेपा? वैशाखात कुठं? सरपण कुठल्या डोंगराचं, आणि तिथून परतायला किती वेळ लागायचा? भाकरी कशाची? अशा प्रश्नांवर आठवण हातापायांतून येते. एका आजींनी मला झिरा कसा खणायचा ते बसल्या जागी हातानं करून दाखवलं. वाळू कोपरापर्यंत उकरायची, बाजूनं दगड लावायचे, पाणी पाझरेपर्यंत बसून राहायचं, मग वाटीनं घागर भरायची. ‘मिलोची भाकर खाल्ली त्या साली कोपरानं भागेना, माणूस आत उतरवायला लागायचा.’ मिलो म्हणजे दुष्काळात वाटलेली तांबडी ज्वारी. साल ठरलं : १९७२-७३. कोपराएवढी खोली ‘नेहमीच्या’ उन्हाळ्याची आणि माणसाएवढी खोली दुष्काळाची, अशी दोन मोजमापं एका वाक्यात मिळाली.

लोक इसवी सन सांगत नाहीत, घटना सांगतात. म्हणून जाण्याआधी घटनांची यादी तयार ठेवा. मानमोडीची (इन्फ्लुएंझाची) साथ १९१८. पानशेत फुटलं १२ जुलै १९६१. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७. मोठा दुष्काळ आणि सुकडी १९७२-७३. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३. त्यात गावच्या तारखा घाला : वीज कधी आली, पहिली एसटी, पहिलं इंजिन, पहिली बोअर, पहिला ऊस. मग ‘हे बोअर येण्याआधी की नंतर?’ असं विचारता येतं.

कोणाकडे जायचं हा प्रश्न त्याहून मोठा आहे. सरपंच, पाटील, निवृत्त गुरुजी एवढ्यांना भेटून लिहिलेला इतिहास अर्धवट असतो. पाणी बायकांनी वाहिलं. डोंगर धनगरांनी आणि गुराख्यांनी पाहिला. डोहातले मासे भोई-कोळ्यांना माहीत, दगडाच्या खाणी वडारांना, ओढ्याचा काठ परटांना. आणि दलित वस्तीत गेल्याशिवाय पाण्याविषयी एक ओळही लिहू नका. ‘आमची विहीर सगळ्या गावाची होती’ असं वाड्यात ऐकाल. त्याच विहिरीवर कोणाला दुरून ओंजळ धरून उभं राहावं लागत होतं ते वस्तीत कळेल. महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ ला करावा लागला, तो त्या पाण्यावर हक्क नाकारला जात होता म्हणूनच. पाणी भरपूर होतं, पण कोणासाठी, हे पर्यावरणाच्या इतिहासातलं पहिल्या ओळीचं वाक्य आहे.

*सावधान :* रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी विचारा, आणि कशासाठी ते सांगा. अतिक्रमण, भाऊबंदकी, वाळूउपसा यांबद्दल कोणी मोकळेपणानं बोललं तर त्याचं नाव छापायचं नाही, त्यानं स्वतः आग्रह केला तरीसुद्धा आधी त्याच्या घरच्यांशी बोला.

पायरी ५ : कागद, याच क्रमानं

सर्वाधिक चुका इथं होतात, म्हणून जरा थांबून वाचा.

*पहिला कागद गावनकाशा.* भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांच्या कार्यालयात मिळतो. त्यावर ओढे, पाणंदी, गावठाण, गायरान दाखवलेलं असतं. बाकी सगळे कागद याच्यावर ठेवून वाचायचे आहेत.

*दुसरा, जुन्या-नव्या नंबरांचा मेळ.* १९४७ च्या कायद्यानं एकत्रीकरण योजना आली आणि अनेक गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. सर्व्हे नंबर ४० म्हणजे गट नंबर ४० नव्हे. मी स्वतः ओढ्याकाठच्या एका गटाचा जुना इतिहास म्हणून त्याच आकड्याच्या सर्व्हे नंबरचे उतारे दोन महिने वाचत होतो. ती जमीन निघाली गावाच्या दुसऱ्या टोकाच्या माळावरची. ‘इथं कधी बागायत नव्हतंच’ असा निष्कर्षही मी लिहून ठेवला होता. एकत्रीकरणाचा उतारा काढून जुना-नवा नंबर जुळवल्याशिवाय पुढं जाऊ नका.

*तिसरा, सातबारा आणि जुने उतारे.* सातबाऱ्याच्या खालच्या भागात, म्हणजे गाव नमुना १२ मध्ये, पीक आणि पाण्याचं साधन असतं. विहीर कधी नोंदली गेली, बाजरीच्या जागी ऊस कधी आला, हे वर्षावर्षानं दिसतं. ‘पोटखराबा’ही पाहा, कारण ओढ्याखालची, रस्त्याखालची जमीन त्यात गेलेली असते. जुने उतारे तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करून मिळतात. बऱ्याच जिल्ह्यांचे स्कॅन केलेले कागद ऑनलाइनही मिळतात.

एकाच वर्षाच्या पीकपेऱ्यावर विसंबू नका. सलग दहा-बारा वर्षं पाहा. शिवाय २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवरून नोंद करतात. त्याआधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची थेट तुलना केली तर नोंदीची पद्धत बदलली त्यालाच तुम्ही ‘पिकं बदलली’ म्हणाल.

*चौथा, फेरफार.* गाव नमुना ६, म्हणजे जमिनीच्या हक्कांत झालेल्या बदलांची नोंदवही. जमीन संपादन, तलावाखाली गेलेलं क्षेत्र, बिनशेती परवानगी हे इथं तारखेसकट सापडतं. कंटाळवाणं काम आहे, पण ‘कधी’चा रकाना सर्वांत जास्त इथंच भरतो.

*पाचवा, हक्कांचे कागद.* वाजिब-उल-अर्ज मिळाला तर सोनं. विदर्भात निस्तार पत्रक शोधा. चराई, सरपण, पाणी, मासे यांवर कोणाचा कोणता हक्क होता ते त्यात आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या मामा तलावांबद्दल, म्हणजे मालगुजारी तलावांबद्दल, लिहिणाऱ्यानं तर हे आधी काढावं. मराठवाड्यात जुने कागद निजामाच्या अमलातले, उर्दूत असतात. वाचणारा माणूस आधी शोधून ठेवा आणि १९५४ च्या खासरा पाहणी पत्रकापासून, म्हणजे शेतवार पाहणीच्या नोंदीपासून, सुरुवात करा. गोव्यात कोमुनिदादचे, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेचे, कागद पोर्तुगीजमध्ये आहेत. खाजन जमिनीचा (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या शेतीचा) बांध आणि मानस (पाण्याचं दार) कोण सांभाळायचं ते त्यांतच शोधावं लागतं. पेशवाईतलं गाव असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी कागद आहेत. मोडी येत नसेल तर अंदाजानं वाचू नका, जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या.

तारखा बदलून घ्या : शकात ७८ मिळवले की इसवी सन, फसलीत (निजामाच्या अमलातल्या महसुली वर्षात) ५९०. फसली १३५० म्हणजे १९४०-४१. दोन्हीचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, त्यामुळे महिना माहीत नसेल तर दोन्ही वर्षं लिहा. क्षेत्रही बदलून घ्या. जुना उतारा एकर-गुंठ्यांत, नवा हेक्टर-आरमध्ये. चाळीस गुंठ्यांचा एकर आणि शंभर आरचं हेक्टर, हे विसरलं की जमीन कागदावरच वाढते किंवा घटते.

*सहावा, छापील साधनं.* मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुणे जिल्ह्याचा १८ वा खंड १८८५ चा, तीन भागांत. रत्नागिरी-सावंतवाडीचा १८८० चा. सुधारित पुणे गॅझेटियर १९५४ चं. गावाचं नाव शोधताना इंग्रजांची जुनी स्पेलिंगं वापरा. खडकी ‘किर्की’ म्हणून सापडेल. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकांत गावनिहाय माहिती मिळते. आपल्या गावाची कोणी आधीच पाहणी केली आहे का, तेही विचारा. आज टोलेजंग इमारतींनी भरलेल्या पिंपळे सौदागरची पाहणी पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी केली होती आणि ती १९१७ मध्ये छापली गेली. १७७१ मध्ये तिथं सरासरी खातं ४० एकरांचं होतं, १९१४-१५ पर्यंत ते ७ एकरांवर आलं, असं त्यात नोंदलं आहे. असं काही तुमच्या पंचक्रोशीचं असेल तर तुमचं एक वर्ष वाचेल.

पुरांसाठी जुनी वर्तमानपत्रं चाळा. दुष्काळासाठी पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, मागा. पन्नास पैशांच्या आत म्हणजे टंचाई. पावसाचे आकडे तालुक्याच्या पर्जन्यमापकाचे, आणि विहिरींच्या पातळीसाठी भूजल सर्वेक्षण यंत्रणेची जवळची निरीक्षण विहीर. साध्या अर्जानं मिळालं नाही तर माहिती अधिकार आहेच : दहा रुपये शुल्क, तीस दिवस.

*सावधान :* कागद कोणाच्या नजरेनं लिहिला आहे ते पाहा. महसुली कागदात ‘पडीक’ लिहिलेली जमीन मोकळी पडलेली असेलच असं नाही. महसूल येत नव्हता एवढाच त्याचा अर्थ. त्याच ‘पडीक’ माळावर धनगरांच्या मेंढ्या पिढ्यान् पिढ्या चरत असतील.

पायरी ६ : नकाशे आणि उपग्रहचित्रं

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १ : ५०,००० चा नकाशा घ्या, आणि मिळाली तर जुनी आवृत्तीही. पाणी असलेले प्रवाह त्यात निळे, कोरडे पडणारे काळे असतात. दोन आवृत्त्यांत ओढ्याचा रंग बदलला असेल तर तो शोधाचा धागा आहे. नकाशा छापल्याचं वर्ष आणि पाहणीचं वर्ष वेगळं असतं. पाहणीचं लिहा.

या नकाशावर ओढ्याची रुंदी मोजू नका. एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. तिथली रेघ ओढा आहे एवढंच सांगते, किती रुंद ते नाही. रुंदीसाठी गावनकाशा किंवा नगर भूमापनाचा नकाशा घ्या.

उपग्रहचित्रं लँडसॅटची १९७२ पासून आहेत. त्याआधीचं पाहायचं तर अमेरिकेच्या कोरोना हेरगिरी उपग्रहांनी १९६० ते १९७२ दरम्यान काढलेली छायाचित्रं १९९५ मध्ये खुली झाली. तुमच्या गावावरची मिळाली तर १९६०-७० च्या दशकातली आमराई झाडानिशी दिसू शकते.

*तपासा :* दोन चित्रांचा महिना एकच आहे का? २००५ च्या ऑक्टोबरचं आणि २०२० च्या मेचं चित्र शेजारी ठेवलं की कुठलीही टेकडी ‘उजाड झालेली’ दिसते. ही चूक इतकी सर्रास होते की असं चित्र दिसलं की मी पहिल्यांदा महिना विचारतो.

पायरी ७ : कारण ठरवताना घाई करू नका

आता वहीतली पानं तारखेच्या क्रमानं लावा. एका बदलाला निदान दोन वेगळ्या जातीचे पुरावे हवेत, उदाहरणार्थ एक आठवण आणि एक कागद, किंवा एक नकाशा आणि जागेवरची एक खूण. दोन आजींनी तेच सांगितलं तर तो दोन साक्षीदारांचा पुरावा होईलच असं नाही. दोघींनी ते एकाच सासूकडून ऐकलेलं असू शकतं.

पुरावे भांडतील तेव्हा एक फेकून देऊ नका. एका आजोबांनी मला सांगितलं की ते पोरसवदा असताना, १९४० च्या आसपास, माळभर गाजरगवत होतं. हे तण पुण्यात दिसलं ते १९५० च्या दशकात. मग पुन्हा विचारलं. ‘अंगाला खाज येणारं गवत’ एवढंच त्यांना आठवत होतं, नाव नंतरचं चिकटलं. आठवण खरी होती, झाड दुसरं होतं.

कारण लिहिण्याआधी तीन गोष्टी विचारा. कारण परिणामाच्या आधी घडलं का? शेजारच्या ओढ्यावर तेच झालं का, आणि झालं नसेल तर का नाही? आणि ते कारण नेमकं काम कसं करतं? आमच्या गावात सगळे म्हणतात, ‘पाऊस कमी झाला म्हणून ओढा आटला.’ तालुक्याच्या पर्जन्यमापकाचे आकडे मांडले तर तशी सलग घट दिसत नाही. मग फेरफार आणि पीकपेरा पाहिला. ओढ्याकाठी बोअर आणि ऊस आधी आले, ओढा पौषात आटू लागला ते नंतर. ज्या शेजारच्या ओढ्याकाठी ऊस नाही, तिथं पाणी अजून फाल्गुनापर्यंत टिकतं. तिन्ही प्रश्नांना उत्तर मिळालं. तरी मी ‘एकमेव कारण’ असं लिहिलं नाही, कारण वरच्या गावातला पाझर तलावही त्याच दशकातला आहे.

आंबील ओढ्याच्या २०१९ च्या पुराबद्दल लिहितानाही हेच. ‘ढगफुटी झाली’ म्हणून हात झटकू नका आणि ‘अतिक्रमणामुळे’ या एका शब्दावरही थांबू नका. त्या रात्री किती तासांत किती पाऊस पडला, कात्रजच्या तलावांतून पाणी कधी ओसंडलं, सहकारनगर-अरण्येश्वर भागात पात्राची रुंदी जुन्या नकाशात किती आणि आज किती, कोणत्या पुलाखाली काय अडकलं, हे वेगवेगळं मांडा. पेशव्यांनीही पर्वतीच्या तळ्यासाठी हाच ओढा वळवला होता, हे त्यात आलंच पाहिजे.

पायरी ८ : लिहिणं

पहिला परिच्छेद जागेवरून सुरू करा, तुम्हाला जे दिसलं, मोजलं त्यापासून. धावेची पावलं, पुलावरची खूण, झिऱ्याची खोली. मग मागं जा. काळाच्या क्रमानं सलग लिहिलंत तरी चालेल, पण प्रत्येक टप्प्याला तारीख किंवा निदान दशक हवं.

‘पूर्वी’, ‘पुरातन काळापासून’, ‘घनदाट’, ‘निसर्गसंपन्न’, ‘विकासाच्या नावाखाली’ हे शब्द शोधून काढा आणि प्रत्येकाच्या जागी तुम्हाला जे माहीत आहे ते लिहा. घनदाट म्हणजे काय? धावडा आणि अंजन होते, की करवंदीच्या जाळ्या? जिथं काहीच माहीत नाही तिथं तो शब्द नुसता काढून टाका. वाक्य लहान होईल, होऊ द्या.

खात्री वाक्यातच दिसू द्या. ‘१९५८ च्या फेरफारात विहिरीची पहिली नोंद आहे’ हे पक्कं. ‘तीन जणांच्या आठवणीनुसार १९६५ च्या सुमारास’ हे त्याहून सैल. दोन्ही एकाच सुरात लिहिलंत तर पक्क्या वाक्यावरचाही विश्वास जातो.

चांगलं घडलेलंही लिहा. गावानं कुऱ्हाडबंदी केली असेल, जुना बंधारा दुरुस्त झाला असेल, बेणं राखलं असेल, तर त्याची तारीख आणि परिणाम तितक्याच काळजीनं शोधा.

*सावधान :* घुबडाचं घरटं, दुर्मीळ ऑर्किड, देवराईतली औषधी झाडं यांची नेमकी जागा छापू नका. ‘गावाच्या पश्चिमेला’ एवढं पुरे. नेमकी नोंद गावच्या जैवविविधता समितीच्या नोंदवहीत असू द्या.

पायरी ९ : छापण्याआधी गावात वाचून दाखवा

पारावर किंवा मंदिरात, आणि वेगळं दलित वस्तीतही. पूर्ण लेख, मोठ्यानं. लोक मध्येच तोडतील, वाद होईल, कोणी घरून पिवळा पडलेला कागद घेऊन येईल. दुरुस्त्या तिथंच वहीत लिहा, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख टाकून. या वाचनात मला नेहमी एक तरी चूक सापडते, बहुतेक वेळा एखाद्या डोहाची जागा.

मग एक छापील प्रत गावच्या वाचनालयात, एक शाळेत, एक ग्रामपंचायतीत ठेवा. मुलाखतींचं रेकॉर्डिंग ज्यांचं आहे त्यांच्या घरी पेनड्राइव्हवर द्या. मूळ वही जपून ठेवा. धाव मोजलेलं पान, त्या दिवशीची पाण्याची पातळी आणि तारीख त्यात आहे. पुढच्या वैशाखात त्याच विहिरीवर पुन्हा जा, दोरी सोडा आणि शेजारी नवा आकडा लिहा.